दोघींचे गाणे आणि एक तबकडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता न बोलावता आपल्यातल्याच एकीने बोलावे असे यंदा ठरले, आणि चिठ्ठी निघाली ती माझ्या नावाची. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. स्वयंपाक, शेत, आल्यागेल्याचे करणे आणि शनिवारचे भजन एवढाच माझा पसारा. तेव्हा मोठ्या विषयाला मी हात घालत नाही. गाण्याविषयी चार शब्द सांगते. मात्र आधीच सांगून ठेवते, की गाणे अभंगाचे नाही, डिस्कोचे आहे. पुढच्या रांगेतल्या आजींनी लगेच तोंडाला पदर लावला तो मला इथून दिसला! हसा बाई, हसायला हरकत नाही. पण ऐकून घ्या.

सन 1977 मध्ये युरोपात दोन बायकांची एक तबकडी निघाली. बाया स्पेन देशाच्या, तबकडी काढली जर्मनीतल्या लोकांनी, आणि गाणी बहुतेक इंग्रजीत. जोडीचे नाव बकारा. पहिल्या तबकडीचे नावही तेच ठेवले होते. बकारा ही गडद रंगाच्या गुलाबाची एक जात आहे, त्यावरून हे नाव. माझ्या मुलीने एके दिवशी भाकरी थापता थापता मला मोबाईलवर ही गाणी ऐकवली, आणि मग त्या दोघींची सारी हकीकतही वाचून दाखवली. ती ऐकताना मला वाटले, अगं, हे तर थेट आपल्या भजनातले प्रकरण! सातासमुद्रापलीकडच्या त्या बायांचे जे झाले ते आणि आपल्याकडे गेल्या वर्षी जे झाले ते, यांचे मूळ एकच आहे. म्हणून हा विषय घेतला.

आता डिस्को म्हणजे काय, ते आधी सांगते. आपल्याकडे डिस्को म्हटले की मिथुनचा 1982 सालचा ‘डिस्को डान्सर’ आणि बप्पी लाहिरींचे संगीत एवढेच डोळ्यांपुढे येते. पण शब्द मुळात फ्रेंचांचा. जसे पुस्तकांचे ग्रंथालय असते तसा तबकड्यांचा जो संग्रह, त्याला ते डिस्कोथेक म्हणत. पुढे जिथे वाजंत्री न बोलावता नुसती तबकडी लावून लोक नाचतात त्या जागेला ते नाव पडले, आणि तिथे वाजणाऱ्या गाण्याला डिस्को. ठेका अगदी सरळ. मिनिटाला साधारण एकशेवीस ठोके, आणि सगळे एकासारखे एक. ज्यांनी उखळात कांडले आहे त्यांना हा ठेका समजावून सांगायला नको. दोघी जणी समोरासमोर उभ्या राहून एका उखळात आळीपाळीने मुसळ घालतात तेव्हा जो धप-धप नाद उठतो, तोच डिस्को समजा. त्यात चूक चालत नाही. एकीचे मुसळ रेंगाळले तर दुसरीचे त्यावर आदळते. शब्द कळोत न कळोत, तशा ठेक्यावर पाय आपोआप हलतो. माझाही हलला. सासूबाई घरात नव्हत्या, म्हणून कोणाला दिसला नाही इतकेच!

आपल्या देशात हे गाणे घरोघरी नेले ते एका मुलीने. कराचीची नाझिया हसन. 1980 मध्ये ‘कुर्बानी’ चित्रपटासाठी तिने ‘आप जैसा कोई’ म्हटले तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. संगीतकार बिद्दू हे आपल्या देशातून विलायतेला जाऊन राहिलेले. त्यांनी लंडनमध्ये ते गाणे मुद्रित केले, आणि तिचाच आवाज तिच्याच आवाजावर चढवला. त्यामुळे एकटी मुलगी गाते आहे तरी दोघी गातात असा भास होतो. पुढच्या वर्षी, 1981 मध्ये, तिची आणि तिचा भाऊ झोहेब याची ‘डिस्को दिवाने’ ही तबकडी निघाली, तीही फार गाजली. बिचारी नाझिया 2000 साली, पस्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेली. तिच्याविषयी खरे तर स्वतंत्र भाषण करावे लागेल. आज तिचे नाव घेतले ते एवढ्यासाठी, की यंत्र हाती आले म्हणजे एकीच्या दोघी करता येतात. आणि दोघींची एकही करता येते! आता त्याच गोष्टीकडे येते.

बकाराच्या दोघींपैकी एकीचे नाव मायते मातेओस, दुसरीचे मारिया मेंदिओला. दोघी मुळात गायिका नव्हेत, नर्तकी. स्पेनच्या सरकारी टेलिव्हिजनच्या नृत्यपथकात त्यांची ओळख झाली. 1976 मध्ये पथक सोडून दोघींनी आपला स्वतंत्र नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू केला. बंधा पगार सोडायचा म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको. झारागोझा नावाच्या शहरात एका क्लबात काम मिळाले खरे, पण तिथून लवकरच निरोप मिळाला. असे सांगतात, की तिथल्या व्यवस्थापकाला त्या फार शालीन वाटल्या! म्हणजे बघा, बाईने मर्यादा सोडली तरी बोल लावतात आणि मर्यादा राखली तरी घरी बसवतात.

मग त्या गेल्या फुएर्तेव्हेंतुरा नावाच्या बेटावर. बेट स्पेनचे, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे. हवा खायला जर्मन लोक तिथे फार येतात. तिथल्या एका हॉटेलात या दोघी आपल्या देशाचे फ्लामेंको नाच आणि जुनी गाणी सादर करीत. आर.सी.ए. नावाच्या मोठ्या तबकडी कंपनीच्या जर्मन शाखेचे व्यवस्थापक लिऑन डीन यांनी त्यांना तिथे पाहिले आणि हॅम्बुर्ग शहरी बोलावून घेतले. तिथे रोल्फ सोया यांनी चाली बांधल्या, फ्रँक दोस्ताल यांनी शब्द लिहिले. ‘येस सर, आय कॅन बूगी’ हे पहिले गाणे 1977 मध्ये निघाले आणि वणव्यासारखे पसरले. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्याअखेर विलायतेत ते पहिल्या क्रमांकावर होते, जर्मनीत आणि आणखी कितीतरी देशांतही तसेच. त्या गाण्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या असे मानतात. लगोलग पूर्ण तबकडी निघाली. तिच्यात हे गाणे, ‘सॉरी, आय ॲम अ लेडी’ हे दुसरे गाजलेले गाणे, आणि ‘ग्रानादा’ हे त्यांच्या मुलखातल्या शहराचे जुने गाणे डिस्कोच्या ठेक्यावर बसवलेले.

मला विचाराल तर तबकडी ऐकायला गोड आहे. व्हायोलिनांचा ताफा, खाली तो कांडपाचा ठेका, आणि वर या दोघींचे काहीसे परके इंग्रजी. त्यांना ती भाषा फारशी येत नव्हती. शब्द पाठ करून म्हटल्यासारखे वाटतात. पण त्यामुळेच गाण्याला एक निरागसपणा आला आहे. आपल्याकडे लहान मुलगी संस्कृत स्तोत्र म्हणते ना, तसा. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला जे उसासे टाकले आहेत ते मात्र वडीलधाऱ्यांपुढे लावण्यासारखे नाहीत, हे मी इथे स्पष्ट सांगते. दोन गाणी चांगली, दोन बरी, बाकीची भरताड, असे माझे मत. माझ्या मुलीला हे पटत नाही.

वेषाचीही एक युक्ती होती. मायते नखशिखांत काळ्या कपड्यांत, मारिया नखशिखांत पांढऱ्या. प्रेक्षकाला दोघी वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून. डोळ्यांना वेगळ्या दिसल्या खऱ्या, पण कानांना? बहुतेक गाण्यांत पुढचा आवाज मायतेचा, आणि मारियाचा आवाज मागून साथीला. इथेच बी पेरले गेले.

भगिनींनो, दोघींनी गाणे ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या बायांपैकी जात्यावर बसली नाही अशी कोण आहे? जाते एकटीनेही ओढता येते, पण दोघी असल्या म्हणजे भार अर्धा होतो. एकाच खुंट्याला दोघींचे हात, एकीचा वर, एकीचा खाली. एक वैरण घालते, तेवढा वेळ दुसरी फेर तुटू देत नाही. ओवीचेही तसेच. एकीने उचलायची, दुसरीने झेलायची. एकीचा दम संपला की दुसरीचा सुरू. मोठा आवाज कोणाचा आणि लहान कोणाचा, हे तिथे कोणी मोजत नसे. कारण आवाज फार चढला तर जात्याची घरघर त्याला आपोआप खाली बसवी, आणि एखादीचा फार बारीक असला तर समोरची आपला उतरवून घेई. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईची कथा तुम्हाला ठाऊक आहेच. जनी एकटी दळायला बसे तेव्हा समोरच्या बाजूला पांडुरंग येऊन बसे असे म्हणतात. मला त्या कथेत एवढेच दिसते, की दळणाऱ्या बाईला समोर कोणीतरी लागते. कोणी नसले तर देवाला यावे लागते.

आता मोठ्या गाण्यातली गोष्ट. मिरजेत जन्मलेल्या दोन बहिणी, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांच्या या लेकी. हिराबाई 1905 च्या, सरस्वतीबाई 1913 च्या, म्हणजे दोघींत आठ वर्षांचे अंतर. आईबापांची फारकत झाल्यावर ताराबाईंनी 1922 मध्ये मुले घेऊन वेगळा संसार मांडला आणि पाचही मुले गाण्यात वाढवली. कुलीन बायकांनी चारचौघांत गायला बसू नये असा तो काळ. त्या काळी हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि बाईच्या गाण्याला मान मिळवून दिला. आज आपल्या मुली स्नेहसंमेलनात बिनधास्त गातात, त्याच्या पाठीमागे हिराबाईंसारख्यांचे हे धारिष्ट आहे. 15 ऑगस्ट 1947 ला दिल्लीहून ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा मानही त्यांना मिळाला. सरस्वतीबाई 1943 च्या ‘रामराज्य’ चित्रपटातल्या ‘बीना मधुर मधुर’ या गाण्याने देशभर ठाऊक झाल्या, आणि रेडिओवर तर त्या 1933 पासून गात होत्या.

या दोन बहिणी जोडीने ख्याल गाऊ लागल्या. बायकांनी जुगलबंदी गाण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत त्यांचे नाव अगदी पुढे आहे. 1965 पासून पुढे एच.एम.व्ही. कंपनीने त्यांच्या जुगलबंदीच्या तबकड्या काढल्या, आणि त्या जाणत्यांच्या घरोघरी गेल्या. त्याआधी जी जुनी तबकडी असे ती मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तेवढ्यात एकीलाच पुरते गाता येत नसे, मग दोघींनी एकमेकींना जागा द्यायची कुठून? 1948 मध्ये अमेरिकेत संथ फिरणारी मोठी तबकडी निघाली, तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून जास्त गाणे मावू लागले, आणि हळूहळू ती आपल्याकडे आली. मग दोन बहिणींना सावकाशीने गाता आले.

मला शास्त्रीय गाण्यातले कळत नाही. राग ओळखता येत नाही. पण त्या दोघींचे गाणे लावून मी निवडटिपण करायला बसले, तर एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली. मोठी बहीण केवढी नावाजलेली! मनात आणले असते तर तिने सारी बैठक एकटीने खाल्ली असती. पण ती एक जागा घेते आणि थांबते. धाकटी ती जागा पुरती करते. मग धाकटी पुढे जाते आणि मोठी नुसता सूर धरून बसते. सूर धरून बसणे हे कमीपणाचे काम नाही, हे त्या मोठीला ठाऊक होते. इथे तोल राखणारा तिसरा कोणी नाही. दोघी शेजारी शेजारी बसल्या आहेत, एकमेकींच्या तोंडाकडे पाहताहेत, आणि किती द्यायचे किती घ्यायचे ते गातागाताच ठरते आहे.

बकाराचे तसे नव्हते. तशा तबकड्यांत वाद्ये वेगळी भरतात, एकीचा आवाज वेगळा, दुसरीचा वेगळा, आणि मग एक गृहस्थ यंत्रापुढे बसून ते सगळे एकत्र कालवतो. कोणाचा आवाज किती, हे त्याच्या बोटावर. आपण आमटीत मीठ किती घालायचे हे जसे चव घेऊन ठरवतो तसेच. पण आपली आमटी आपण खातो. तिथे गाणारी घरी गेलेली असते. आपला आवाज किती उरला हे तिला तबकडी बाजारात आल्यावर कळते. बोनी एम. नावाची त्याच काळातली दुसरी एक जर्मन टोळी होती, तिच्यात तर पुढे नाचणारा पुरुष वेगळा आणि त्याच्या नावावर गाणारा वेगळा. गात होते ते पडद्यामागचे संगीतकार फ्रँक फारियन स्वतः! असा तो कारभार.

पहिल्या तबकडीनंतर तीन वर्षे बरी गेली. 1978 मध्ये बकाराने युरोपच्या देशोदेशींच्या गीतस्पर्धेत लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशातर्फे फ्रेंच भाषेत गाणे म्हटले आणि सातवा क्रमांक मिळवला. स्पॅनिश बाया, जर्मन संगीतकार, लक्झेंबर्गचा झेंडा आणि फ्रेंच शब्द. आपल्याकडच्या पंचमिसळ डाळीलाही इतके वाण नसतात. मग 1980 मध्ये ‘स्लीपी टाइम टॉय’ हे गाणे निघाले, आणि मारिया म्हणाली, यात माझा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. नुसते म्हणून ती थांबली नाही, कंपनीविरुद्ध कोर्टात गेली. गाणे मागे घेऊन पुन्हा कालवावे लागले. त्या भानगडीत सोया आणि दोस्ताल दूर झाले. पुढची तबकडी त्यांच्यावाचून निघाली, ती चालली नाही, आणि 1981 मध्ये जोडी फुटली.

फुटली ती फुटली. पुढे गंमत अशी झाली, की मारियाने दुसरी सोबतीण घेऊन बकारा काढली आणि मायतेनेही निराळ्या सोबतिणी घेऊन बकारा काढली. दोन दुकानांवर एकच पाटी! दोघी वर्षानुवर्षे तीच पहिल्या तबकडीची गाणी म्हणत देशोदेशी फिरल्या, पण एकमेकींबरोबर नाही. 2020 मध्ये स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाने सर्बियाला हरवून मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळवला तेव्हा खेळाडूंनी हेच गाणे लावून नाच केला, आणि त्रेचाळीस वर्षांचे जुने गाणे पुन्हा तरुण पोरांच्या तोंडी आले. त्यानंतर वर्षभरात, सप्टेंबर 2021 मध्ये, मारिया वारली.

काही बाया म्हणतील, एवढ्याशा आवाजासाठी कोर्टात जायचे? पोटाला मिळत होते, नाव झाले होते, मग गप्प बसायचे होते. घरात आपण बसतोच की. मला मात्र मारियाचे म्हणणे पटते. गाणाऱ्या बाईजवळ आवाजावाचून दुसरे काय असते? पैसे कमी दिले तर मागून घेता येतात. आवाज पुसला तर ती तिथे होती याचाच पुरावा राहत नाही. पांढरे कपडे घालून पुढे उभे केले, फोटो छापला, आणि गाण्यातून काढून टाकले, तर तिने चीड येऊ नये? माझा राग तिच्यावर नाही, आणि मायतेवरही नाही. मायतेने काही तिचा आवाज दाबला नव्हता. दोघींच्या मध्ये तिसऱ्याचे बोट आले, आणि भांडण मात्र दोघींच्या नावाने लागले.

आता गेल्या वर्षीचे बोलते. नावे घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत. आपल्या भजनात दोघी जणी बारा वर्षे जोडीने म्हणतात. एकीचा आवाज चढा, पातळ, टाळ्या घेणारा. दुसरीचा खालचा, भरीव. ती नसली तर पहिलीचे गाणे वाऱ्यावर उडते, हे आपल्याला भजनात बसून कळते. लांबून ऐकणाऱ्याला कळत नाही. उत्सवात मंडप घातला, माईक आणले. मंडपवाल्याने चढ्या आवाजाचा माईक मोठा केला आणि दुसरीचा बारीक. त्याला वाटले, हीच मुख्य. मागे बसलेल्या पाचशे माणसांना एकीचेच भजन ऐकू आले. दुसऱ्या दिवशी लोकांनी एकीची वाहवा केली. दुसरी काही बोलली नाही. नुसती भजनाला यायची बंद झाली. कोणी म्हणे गुडघे दुखतात, कोणी म्हणे सुनेचे बाळंतपण. चार महिने! आणि जिची वाहवा झाली ती त्या चार महिन्यांत एकदाही मनासारखी गायली नाही. तिनेच मला सांगितले, की बाई, पायरी नसलेल्या जिन्यावरून उतरल्यासारखे होते.

पुढे कसे मिटले ते तुम्ही पाहिलेच आहे. भाषण नाही, समजूत नाही. अध्यक्षबाईंनी दोघींना एका खोलीत हरभरे सोलायला बसवले आणि आपण निघून गेल्या. अर्ध्या तासाने आतून गुणगुण ऐकू आली. तेव्हापासून मंडळात नियम झाला, की दोघींसाठी माईक एकच, आणि तो मध्ये. तोंड कोणी किती जवळ न्यायचे ते त्या आपसात बघतात.

हे सगळे सांगण्याचे कारण आता सांगते. आपण सर्वांनी मिळून जुन्या ओव्या मोबाईलवर भरून ठेवायचे ठरवले आहे. आपल्या पूर्णा नदीवरचे धरण 1968 साली पुरे झाले. पाण्याखाली गावे गेली, आणि त्या गावांच्या लेकी-सुना आज सत्तरी-पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या ओव्यांत त्या गावांची नावे आहेत, वेशी आहेत, मारुतीची देवळे आहेत. विजेची चक्की आली, जाते माळ्यावर गेले, आणि ओवी त्या म्हाताऱ्यांच्या ओठांतच राहिली. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी वर्षानुवर्षे खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी, की ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवलेले आहे. नाही तर बायकांचे गाणे म्हणजे कोणाचेच नाही, असे समजायची आपल्याकडे रीत.

तेव्हा आपणही ते काम नीट करावे असे माझे म्हणणे आहे. जाते मांडायचे, दोघी आजींना समोरासमोर बसवायचे, खरोखर दळायला लावायचे. मूठभर ज्वारी वैरली तरी पुरे. नुसते बसवून म्हणा म्हटले तर ओवी आठवत नाही. हात फिरला की आठवते. मोबाईल जात्याच्या बाजूला, दोघींपासून सारख्या अंतरावर, खाली घडी घातलेले फडके ठेवून, म्हणजे घरघर जास्त यायची नाही. थोडी घरघर येऊ द्यावी. पोरांनी नंतर त्यावर ठेका चढवायचा नाही, एकीचा आवाज वाढवायचा नाही. आणि वहीत दोघींची नावे लिहायची, उचलणारीचे आणि झेलणारीचे, माहेरच्या गावासकट. कोणते आधी लिहायचे यावर वाद झाला तर वयाने मोठी आधी.

आजी, आता तुमचे हसणे पुरे झाले असेल तर एक विचारते. तुमच्या समोर कोण बसत असे? ती जर अजून असेल तर तिला निरोप धाडा. येत्या अमावस्येला दुपारचे दोन वाजता, समाजमंदिरात. जाते मी आणते, ज्वारी मंडळाची. चहा होईल.